बाहेरून कार्बन घालण्याआधी परतीच्या प्रवाहातील प्राणवायू मोजावा

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पाण्यातील नायट्रेट उतरत नसेल तर ते काढणाऱ्या जिवाणूंना कार्बन म्हणून बाहेरून दिल्या जाणाऱ्या ॲसिटेटची मात्रा वाढवावी, या सूचनेला माझा विरोध नाही. परंतु त्याआधी एक हिशेब करावा, असे मला आग्रहाने वाटते. एक ग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन काढण्यासाठी सैद्धांतिकदृष्ट्या 2.86 ग्रॅम सीओडी (सेंद्रिय पदार्थ जाळायला लागणाऱ्या प्राणवायूत मोजलेले त्यांचे प्रमाण, म्हणजे इथे जिवाणूंचे अन्न) लागतो. मात्र जिवाणूंच्या वाढीतही कार्बन खर्च होत असल्याने प्रत्यक्षात 4 ते 6 ग्रॅम धरावा लागतो. आता वायुवीजन टाकीतून मूळ प्रवाहाच्या चौपट पाणी, लिटरमागे 2 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू घेऊन, अनॉक्सिक टाकीत (जिथे प्राणवायू नसताना जिवाणू नायट्रेट वापरतात) परतत असेल, तर जिवाणू आधी तो प्राणवायूच वापरतात आणि मूळ प्रवाहाच्या दर लिटरमागे किमान 8 मिलिग्रॅम सीओडी नायट्रेटला स्पर्शही न करता जळून जातो. विकत घेतलेल्या रसायनाची ही शुद्ध नासाडी आहे. वायुवीजन टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरवर नियंत्रण ठेवणे त्याहून स्वस्त पडते.

कार्बनच्या स्रोताची निवड हा त्यानंतरचा प्रश्न. ॲसिटेटचा परिणाम लगेच दिसतो. मिथेनॉल वापरणारे जिवाणू रुळायला काही आठवडे लागतात आणि त्याच्या ज्वलनशीलतेमुळे साठवणही जोखमीची असते. आमच्या इंदूरमध्ये गोड खाद्यपदार्थांचे सांडपाणी सहज सुचते, आणि मला तो पर्याय आवडतोही. मात्र त्यातील तेल आधी वेगळे करणे आणि नायट्रोजन तपासणे अनिवार्य आहे. पावसाळ्यात कान्ह नदीकाठच्या नाल्यांचे सांडपाणी पातळ होते, तेव्हा ठरावीक मात्रा न ठेवता ती नायट्रेटच्या मोजणीनुसार बदलावी, अन्यथा उरलेला सीओडी शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर नदीतच जाईल.