मदत हवी आहे: सुरूबनात वळणावर सायकलचं पुढचं चाक घसरतंय

वाकडीवाट
नमस्कार मंडळी. सुरूबनातल्या वाटेवर जवळजवळ प्रत्येक वळणाला पुढचं चाक बाहेर सरकतंय. सपाट वाट आहे, चढ नाही, उतार नाही, वेगही फार नाही, तरी पडतोय. कोपर सोलून निघालंय. दिवाळीत याच वाटेवर काही त्रास नव्हता. टायर बदलू का? कोणता घेऊ? शनिवारी मित्र येतायत, त्याआधी सोक्षमोक्ष लावायचाय. लवकर सांगा.

सडेकर
सायकल कोणती? टायर किती रुंदीचा? हवा किती? बन कुठलं? हे काहीच न सांगता टायर विचारलात तर कोण काय सांगणार?

घाटपायथा
ट्यूबलेस करून टाका, दुसरा विचारच करू नका. बोरीचा काटा घुसला तरी आतलं सीलंट भोक बुजवतं. फक्त आपल्याकडच्या उन्हात ते लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी तपासायला लागतं.

सडेकर
अहो, पंक्चरचं त्यांनी विचारलेलंच नाही.

घाटपायथा
ट्यूबलेसमध्ये हवा कमी ठेवता येते, आणि हवा कमी म्हणजे पकड जास्त. संबंध आहे.

वाकडीवाट
बन गुहागरचं, पुळणीला लागून आहे ते. एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल आहे, 29 इंची चाकांची, पुढे सस्पेन्शन, टायर 2.25 इंच रुंद, आत ट्यूब. हवा दुकानात भरून दिली तेवढीच आहे. आता सांगा, टायर कोणता?

वेळागरकर
आमच्या शिरोड्याकडे पण असाच बन आसा. वाळूत फुडचा चाक हलका ठेवूक व्हया. वजन मागे घेवा, हँडल घट धरू नकात, पायडल मारीत रवा. थांबलास काय रुतलास.

वळणवेडा
वेळागरकर, माफ करा, पण हे ऐकलं तर ते आणखी पडतील. सपाट वळणावर पुढच्या चाकाला पकड मिळते ती त्यावरच्या वजनामुळे. मागे बसलात की चाक हलकं होतं आणि सरकतं. कोपर बाहेर, छाती हँडलच्या दिशेने, बाहेरचा पाय खाली दाबलेला. सायकल आत कलवायची, स्वतः शक्यतो सरळ राहायचं. वळणाला बांध असेल तर तो चाकाला धरून ठेवतो, सपाटीवर तसलं काही नसतं, म्हणून हे सगळं करावं लागतं.

वेळागरकर
तुमी खंय चलवतास? मातयेत काय वाळूत? वाळूत फुडे वजन टाकलास तर चाक नांगरासारख्या खाली जाता. मी लहानपणापासून हयसरच चलवतंय.

वळणवेडा
मी दापोलीत, काजूच्या बागांमधून. खाली तांबडी माती, वर पातेरा. माझा अनुभव खोटा नाही.

सडेकर
दोघेही बरोबर आहात, जमीन वेगळी आहे. वाकडीवाट, पडता तिथे पायाने पाला बाजूला करून बघा. खाली दाबलेली जमीन आहे की सुटी वाळू? आणि हवा मोजा, पायपंपाला काटा असतो. ब्रेक कधी लावता तेही सांगा. वजन किती तुमचं?

मिठागर
कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. खाऱ्या वाऱ्यात चेन फार पटकन गंजते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडी करा, मगच तेल. प्रेशरचा पाइप हबवर आणि पायडलच्या मधल्या बेअरिंगवर मारू नका, ग्रीस निघून जातं. ओलं तेल लावलंत तर वाळू चिकटून गिअर खाते, मेणाचं लावा.

वाकडीवाट
चेनला काही झालेलं नाही.

मोजली. पुढे 42, मागे 45 पीएसआय. वजन 68 किलो. बघून आलो: आतल्या दाट भागात पाल्याखाली घट्ट आहे, पण पुळणीकडच्या बाजूला सगळी सुटी वाळू. पडलो बहुतेक आतल्या घट्ट भागात. ब्रेकचं म्हणाल तर वळणात शिरल्यावरच समोरचं झाड दिसतं, मग पुढचा ब्रेक लागतोच.

मर्यादवेल
थोडं झाडाबद्दल, कारण ते इथे कामाचं आहे. सुरूचा जो ‘पाला’ खाली पडतो तो पानांचा नसतो, त्या बारीक गोल डहाळ्या असतात. खरी पानं म्हणजे पेरापेरावरचे इवलेसे खवले, भिंगाशिवाय नीट दिसत नाहीत. डहाळी पेरावर तुटते, तुकडे गोल असतात आणि लवकर कुजतही नाहीत. घट्ट जमिनीवर असे सुके तुकडे चाकाखाली लोळतात. दिवाळीत ते ओलसर आणि दबलेले असतात, आता शिमग्याला खडखडीत सुकलेत. वाळूचंही तेच, ओल होती तोवर दाबून बसली होती.

घाटपायथा
सुरू आपल्या मातीतलं झाडच नाही, वाऱ्याला अडवायला आणून लावलंय. त्याऐवजी उंडी लावायला हवी होती.

मर्यादवेल
उंडी मलाही आवडते, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

सडेकर
आता चित्र स्पष्ट झालं. 2.25 च्या टायरला 68 किलोसाठी 42 फार होते. टायर दगडासारखा कडक राहतो, मुळांवरून उडतो, त्याच्यावरच्या गुट्ट्या (रबराचे उंचवटे) जमिनीत बसतच नाहीत. पुढे 24, मागे 27 करा. टायरच्या बाजूला किमान आकडा छापलेला असतो, त्याच्या खाली जाऊ नका. ट्यूब आहे, म्हणून मुळांवर आदळू नका, नाहीतर रिमखाली चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

ब्रेक वळणाआधी, सरळ असतानाच. वळणात सोडून द्यायचा. पुढचं चाक एकाच वेळी वळायचं आणि थांबायचं काम करू शकत नाही. नजर झाडावर ठेवू नका, झाडांमधल्या फटीवर ठेवा. बघाल तिकडेच सायकल जाते. घट्ट भागात वळणवेडांचं ऐका, सुट्या वाळूत वेळागरकरांचं. नवा टायर आत्ता घेऊ नका.

वळणवेडा
सीटही दोन बोटं खाली घ्या, सायकल कलवायला जागा होते.

मर्यादवेल
मित्रांना घेऊन जाल तेव्हा पुळणीवर भरतीच्या रेषेच्या वर सायकल घालू नका. हे कासवांचे दिवस आहेत, वाळूत अंडी असतात. रात्री बॅटरी लावून तर नकोच, पिल्लं उजेडाकडे भरकटतात.

वाकडीवाट
बरं, तिकडे जाणार नाही. आज पहाटे 24/27 करून गेलो. आतली वळणं धरतायत, ब्रेक आधी लावल्याने तर फारच फरक पडला. सुट्या वाळूच्या पट्ट्यात मात्र मागचं चाक अजून खड्डा करतंय. तिथे गिअर कोणता?

वेळागरकर
वाळू येवच्या आधीच एक-दोन गिअर हलके करा, वाळूत गेल्यार बदलू नकात. बसान रवा, उभे रवलास तर मागचा चाक फिरता. गोल पाय मारा, झटको देव नकात. आणि जाताल तर सकाळीच जावा, दंव आसता तवसर वाळू बरी.