फवारणी करणाऱ्या मजुरांना नेमकं काय शिकवावं?

विदर्भकापूस: गावात कपाशीच्या फवारणीआधी शेतीशाळा ठेवायची आहे. भाषण आणि पत्रकं दरवर्षीचीच. पत्रकावर लोक बसून घेतात. दोन तासांत काय दाखवावं?

पंपमिस्त्री: भाषण राहू द्या, रंग आणा. पाठीवरच्या पंपात साधं पाणी आणि खाण्याचा लाल रंग टाका. मजुराला जुना पांढरा सदरा-पायजमा द्या, नेहमीसारख्या चार-पाच ओळी मारू द्या, मग कपडे सगळ्यांसमोर बघा. पाठ लाल झाली तर झाकणाचं वायसर गेलंय किंवा टाकी काठोकाठ भरलीय. मांड्या लाल, म्हणजे फवारलेल्या ओळीतूनच पुढे चालला. छाती-तोंड लाल, म्हणजे वारा समोरून होता. हे छातीएवढ्या कपाशीतच करा, वीतभर पिकात काही कळत नाही. २०१७ ला यवतमाळात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा वरून तोंडावरच यायचा. एवढ्या उंच पिकात बाही हातमोज्याच्या आत घालायची आणि मोज्याचा काठ बाहेर दुमडायचा. नाहीतर ओघळ थेट कोपरापर्यंत.

मात्रा_आणि_माप: जोडीला हिशेब फळ्यावर करून घ्या. माहितीपत्रकात मात्रा एकरी किंवा हेक्टरी, मजूर मोजतो पंपाने. समजा एकरी ४०० मिली औषध, २०० लिटर पाणी: लिटरला २ मिली, १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. बाटलीचं बूच हे माप नव्हे. पॉवर पंपाला पाणी कमी लागतं, त्यामुळे द्रावण तिखट होतं आणि अंगावर उडालेलं जास्त बाधतं. बाटलीच्या लेबलवरच्या त्रिकोणाचे रंगही दाखवा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

ग्रामीण_आरोग्य: आधी बोलावणं नीट करा भाऊ. शेतीशाळेला येतो सातबारावाला, फवारतो दुसराच. मळमळ, लाळ, दरदरून घाम, अंधुक दिसणं सुरू झालं की काम बंद, कपडे काढून अंग साबणाने धुवायचं, १०८ ला फोन. उलटी काढायला लावू नका. बाटली किंवा लेबल सोबत न्याच: ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाला अॅट्रोपिन हा उतारा चालतो, प्रत्येक औषधाला नाही. दोन-तीन औषधं एकत्र कालवली असतील तर सगळ्या बाटल्या न्या.

विदर्भकापूस: उपयोगी आहे. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकतात, त्याचं काय?

पंपमिस्त्री: जुना टूथब्रश दोरीने पंपाच्या पट्ट्यालाच बांधून द्या. तार घालू देऊ नका, भोक मोठं होऊन थेंब जाड पडतात. आणि टाकीच्या तोंडाची गाळणी बघा. भरायला वेळ लागतो म्हणून बरेच जण ती काढून ठेवतात, मग तुंबणारच.