पुणे ते कन्याकुमारी गाडीने: दोन मुलं, एक लॅब्राडोर. बेत तपासून द्याल का?

चाफेकळी:
नाताळच्या सुट्टीत पुण्याहून कन्याकुमारीला गाडीने जायचं चाललंय. आम्ही दोघं (गाडी दोघांनाही येते), मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा आणि २९ किलोचा लॅब्राडोर, वय ५. गाडी पेट्रोल अर्टिगा. हातात १२ दिवस. पहिला मुक्काम दावणगेरे, दुसरा सेलम, तिसऱ्या दिवशी कन्याकुमारी, म्हणजे रोज साधारण ५०० किमी. हे जमेल का? कुत्र्याला मधल्या सीटवर मुलांच्या मध्ये बसवावं की मागे? धाकट्याला गाडी लागते, त्यावर काय द्यावं? आणि कुत्र्यासकट खोली देणारी हॉटेलं नक्की कशी करायची? ॲपवर लिहिलेलं असतं, पण भरवसा वाटत नाही.

डोंगरवाट:
चाफेकळी, रोज ५०० किमी नको. मोठी माणसं ते रेटून नेतील, चार वर्षांचं मूल आणि कुत्रा नाही. दर दोन-सव्वादोन तासांनी वीस मिनिटं थांबायचंच, असं धरलं की ५०० किमीला अकरा-बारा तास लागतात आणि शेवटचे दोन तास अंधारात येतात. पाच दिवस धरा: पुणे-हुबळी ४३०, हुबळी-तुमकूर ३४०, तुमकूर-सेलम २७०, सेलम-मदुराई २३५, मदुराई-कन्याकुमारी २४५. पहाटे साडेपाचला निघायचं आणि दुपारी दीड-दोनच्या आत खोलीवर. पहिला दिवस तेवढा लांबेल, कारण सातारा-कागल टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामाचे वळणरस्ते लागतात. परतीलाही हेच पाच दिवस धरले तरी कन्याकुमारीत दोन दिवस मोकळे राहतात.

तुमकूरचा मुक्काम मुद्दाम सुचवतोय. पहाटे निघून सातच्या आत नाइस रोडने बेंगळुरूला वळसा घालून होसूर रस्त्याला लागायचं. नऊला तिथे पोचलात तर पुढचे दोन तास इलेक्ट्रॉनिक सिटीच्या गर्दीत जातील आणि धाकटा नेमका तिथेच उलटी करेल. गाडी लागणाऱ्या मुलाला वेगापेक्षा थांब-चालू-थांबचा त्रास जास्त होतो.

धर्मपुरी सोडल्यावर सेलमच्या आधी तोप्पूरचा घाट आहे. आपण उतरत असतो. ट्रकचे ब्रेक तापून निकामी होणं आणि पुढच्या गाड्यांवर आदळणं ही तिथली नेहमीची अपघाताची तऱ्हा. तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, गाडी न्यूट्रल करू नका, आणि दोन ट्रकांच्या मध्ये अडकून राहू नका. शक्यतो उजेडात, पावसाची सर थांबल्यावर.

पावसाचं म्हणाल तर तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. २०२३ मध्ये १७-१८ डिसेंबरला तिरुनेलवेली-तूतुकुडी भागात मोठा पूर आला होता. महिन्याच्या शेवटी जोर बराच ओसरतो, तरी निघायच्या आदल्या दिवशी तिरुनेलवेली जिल्ह्याचा अंदाज बघा. याच काळात अय्यप्पा भक्तांची गर्दी मदुराई आणि कन्याकुमारीला असते, म्हणून त्या दोन मुक्कामांच्या खोल्या आधी पक्क्या करा. हुबळी आणि तुमकूरची घाई नाही.

टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास (२०२५ मध्ये ३,००० रुपये होता, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष) या एका सहलीत फायद्याचा ठरतो. तो राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवरच चालतो. नाइस रोडचा टोल वेगळा, म्हणून खात्यात पैसे ठेवाच.

श्वानमित्र:
मुलांच्या मध्ये अजिबात नको. तुमच्या गाडीत मधल्या ओळीच्या दोन्ही कडेच्या जागा मुलांच्या आसनांना लागणार. धाकट्याला पाचपट्टी आसन आयसोफिक्सला (मुलांचं आसन अडकवायला सीटमध्येच असलेल्या लोखंडी कड्या) अडकवून, मुलीला उंची १३५ सेंमीच्या वर जाईपर्यंत बूस्टर. (१४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा आसन नसेल तर १,००० रुपये दंड आहे, पण दंडासाठी करू नका, मुलासाठी करा.) मध्ये उरते ती जागा २९ किलोच्या कुत्र्याला बसायलाही पुरत नाही. पुढच्या सीटवर एअरबॅग असते, तिथेही नको.

तिसऱ्या ओळीच्या दोन्ही सीट दुमडा. मधल्या ओळीच्या पाठीमागे लोखंडी जाळी बसवा, हेडरेस्टच्या दांड्यांना पकडणारी मिळते. डाव्या अर्ध्या भागात सामान, पट्ट्याने आवळलेलं. उजव्या अर्ध्यात कुत्रा, खाली रबरी चटई आणि तिच्यावर त्याचं रोजचं अंथरूण. नुसत्या गुळगुळीत फळीवर पाय सरकतात, मग तो दिवसभर उभ्याने तोल सांभाळतो आणि संध्याकाळी लंगडतो. डावी-उजवी बाजू मी सहज सांगत नाही. तुम्ही दक्षिणेकडे चाललात, दुपारपर्यंत ऊन डावीकडून येणार. सावली उजवीकडे. परतताना हे उलटं करा. धाकट्याचं आसन डावीकडेच ठेवा, कारण रस्त्याच्या कडेला त्या बाजूने उतरवता येतं. त्याच्या काचेला जाळीचा मोजा चढवा.

गळ्यातल्या पट्ट्याला दोर बांधू नका. छातीचा हार्नेस घ्या आणि त्याच्या पाठीवरच्या कडीतून आखूड दोर. तो आडवा होऊन वळू शकेल, पण मागच्या दाराशी पोचणार नाही एवढीच लांबी. दोराचं दुसरं टोक लोखंडी कडीतच अडकवा. डिकीतल्या प्लॅस्टिकच्या हुकाला पिशवी पेलते, झटका पेलत नाही. लोखंडी कडी नसेल तर ॲक्सेसरीवाला सीटच्या बोल्टखाली एक बसवून देतो.

एसीची हवा डिकीपर्यंत पोचते का ते निघण्याआधी मोजा. साधा डिजिटल थर्मामीटर कुत्र्याच्या डोक्याच्या उंचीवर लटकवा आणि भर दुपारी तासभर गाडी चालवून बघा. पुढे २४ आणि मागे २९ असं सर्रास निघतं. छतावरच्या झडपा मागे वळवा, जाळीला कापड बांधू नका. मागे २८ च्या वर गेलं तर पंखा वाढवा. हवा सतत आतल्या आत फिरवत ठेवली तर चार माणसं आणि एक कुत्रा यांच्या श्वासाने चालकाला पेंग येते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेरची हवा घ्या. एसीचा केबिन फिल्टर नवा घाला आणि एक जादा ठेवा, लॅबच्या केसांनी तो आठवड्यात तुंबतो.

थांब्यावर कुत्रा सुटण्याची वेळ एकच असते: दार उघडतं तो क्षण. मुलांना धडा एकच द्या, इंजिन बंद, आईच्या किंवा बाबांच्या हातात दोर, मग मागचं दार. मुलांच्या दारांना चाइल्ड लॉक. गुंडाळणारा लांब दोर नको, दीड मीटरचा साधा घ्या. ढाब्याच्या मागे फिरवू नका, खरकट्यावर जगणारी तिथली कुत्री हद्द राखतात. पेट्रोल पंपावर हवा भरायच्या बाजूची मोकळी जागा बरी. डांबरावर तुमचा हात सात सेकंद टिकत नसेल तर त्याला मातीवरून न्या.

बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. बाहेर ३० असेल तर आत दहा मिनिटांत ४० होतं. धाप थांबत नाही, लाळ दोरीसारखी घट्ट, हिरड्या विटेसारख्या लाल, पाय लटपटणं, ही ऊष्माघाताची खूण. पोट, जांघा आणि पंजे साध्या गार पाण्याने भिजवा, वारा घाला, बर्फ नको, आणि दवाखाना गाठा. वाटेवर शिरवळ, बेंगळुरूत हेब्बाळ, नामक्कल आणि तिरुनेलवेली इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नकाशात खुणा करून ठेवा.

खाणं: मुख्य जेवण मुक्कामी पोचल्यावर संध्याकाळी. पहाटे काही नाही, किंवा मूठभर. दिवसाला दीड लिटर पाणी धरा, प्रत्येक थांब्यावर थोडं थोडं. रोजचे ३५० ग्रॅम लागत असतील तर १२ दिवसांचे सव्वाचार किलो होतात, पाच किलो घरूनच न्या. ऐन प्रवासात खाद्य बदललं की जुलाब. अडचणीला दहीभात चालतो, तो दक्षिणेत कुठेही मिळतो. सांबार मात्र नाही, त्यात कांदा-लसूण असतो. गोचिडांसाठी फ्लुरालानेरची गोळी आठवडाभर आधी, पशुवैद्याला विचारून, जेवणासोबत. रेबीजची आणि इतर लसींची नोंद असलेलं पुस्तक मूळ न्या, शिवाय फोनवर फोटो.

औषधपेटी:
धाकट्यासाठी: घरात असतं म्हणून ऑनडान्सेट्रॉनचं सिरप देऊ नका. ते पोट बिघडल्याच्या उलटीवर चालतं, गाडी लागण्यावर फारसं नाही. गाडी लागण्यावर प्रोमेथाझिनसारखी औषधं असतात. दोन वर्षांखाली ती देत नाहीत, चौथ्या वर्षी मात्रा वजनावर ठरते, म्हणून बालरोगतज्ज्ञाकडून लिहून घ्या आणि घरी एकदा देऊन बघा. काही मुलं झोपण्याऐवजी उलट चिडचिड करतात. औषध निघण्याच्या आधी द्यायचं, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नसतो. निघताना पोळीचा तुकडा किंवा कोरडी इडली, दूध नको. मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक चालत्या गाडीत बंद, समोरचा रस्ता दिसेल एवढं आसन उंच. कुत्र्याला गाडी लागत असेल तर त्याचं औषध वेगळं, मुलाचं त्याला नको.

चाफेकळी:
खूप आभार. पाच दिवसांचा बेत नक्की केला. दोन शंका उरल्या. मीनाक्षी मंदिर आणि विवेकानंद स्मारक बघताना कुत्र्याचं काय? आणि हॉटेलचं राहिलंच.

डोंगरवाट:
दोन्ही ठिकाणी आळीपाळीने. मीनाक्षी मंदिर दुपारी साडेबारा ते चार बंद असतं. सेलमहून अकरा-साडेअकराला मदुराईत आलात तर दर्शन संध्याकाळीच ठेवा: एकजण मुलांना घेऊन आत, दुसरा खोलीत कुत्र्यासोबत, मग अदलाबदल. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून परत भेटायची वेळ आणि गोपुर आधी ठरवा. कन्याकुमारीला बोटीच्या रांगेला सकाळी लवकर लागा, म्हणजे दोघांच्याही फेऱ्या दुपारच्या आत होतात. समुद्र खडकाळ आणि खवळलेला असतो, कुत्र्याला पाण्यात सोडू नका. खारं पाणी प्याला तर रात्री उलट्या-जुलाब.

हॉटेलचं असं. ॲपवरच्या खुणेवर जाऊ नका, थेट हॉटेलच्या फोनवर बोला. जात, वजन, वय स्पष्ट सांगा. “छोटा पाळीव प्राणी” या शब्दावर खोली मिळते आणि दारात लॅब बघितल्यावर नाकारतात. तळमजल्याची खोली, जादा पैसे किती, जेवणाच्या दालनातून न जाता बाहेरचा दरवाजा आहे का, एवढं विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. भाषेची अडचण आली तर कन्नडमध्ये कुत्रा म्हणजे नायि, तमिळमध्ये नाय्. स्वतःची जुनी चादर पलंगावर घाला, त्याचं खाणं-पाणी न्हाणीघरात, आणि त्याला खोलीत एकटं सोडू नका.

गाडीचं एक राहिलं. चालकाच्या दाराच्या चौकटीवर भरलेल्या गाडीचा हवेचा दाब लिहिलेला असतो, तो गार टायरमध्ये भरा. जॅक आणि स्टेपनी उतरवायची किल्ली घरीच एकदा काढून बघा. ती कुत्र्याच्या अंथरुणाखाली निघाली तर जागा बदला. कॅरिअरवर सामान असेल तर कन्याकुमारीच्या थोडं अलीकडे, कावलकिणरूच्या आसपास पवनचक्क्या दिसायला लागल्या की थांबून ताडपत्री पुन्हा आवळा, वारा आडवा लागतो.

श्वानमित्र:
मुलांच्या खाऊच्या डब्यातून मनुका आणि बेदाणे काढून टाका. लॅबला ते मूत्रपिंडाला बाधतात, थोडेसेही. चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगमही नको. जाळीच्या भोकातून धाकटा प्रेमाने भरवणारच, म्हणून त्याच्या हातात कुत्र्याला चालणारा खाऊ द्या: गाजराचे तुकडे, मीठ न लावलेल्या साध्या लाह्या.