मदत हवी आहे: पाटीवर 'दायसेल्फ' कोरू की 'दायसेल्व्ह्ज'? (दगड आहे, खोडरबर चालत नाही)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात माझं पाट्या कोरायचं दुकान आहे. घरांची नावं, देवळातल्या देणगीदारांच्या याद्या, ट्रॉफ्या, पडेल ते काम. इंग्रजी कामापुरतं येतं, पण या वेळी अडलोय.

एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी अभ्यासिकेच्या दारावर लावायला काळ्या ग्रॅनाइटची पाटी सांगितली आहे. 3 फूट बाय 1 फूट, अक्षरं खोल कोरून आत सोनेरी रंग. मजकूर 'नो दायसेल्फ' (Know Thyself), म्हणजे स्वतःला ओळख. अक्षरं मांडून प्रूफ पाठवलं आणि त्यांच्या ग्रुपवर घोळ सुरू झाला. एक म्हणतो, अभ्यासिकेत मुलं दीडशे, मग 'सेल्फ' एकवचनी कसं? 'दायसेल्व्ह्ज' करा. दुसऱ्यानं जुन्या बायबलच्या पानाचा फोटो टाकला. त्यात 'दाय' वेगळा, मध्ये जागा, आणि 'सेल्फ'च्या शेवटी एक जादा ई. तो म्हणतो, हेच अस्सल. तिसऱ्याला प्रूफमधलंच हवंय. तिघेही वर्गणीवाले.

मला अक्षरामागे पैसे मिळतात, 11 ची 13 झाली तर माझं काही जात नाही. पण चूक निघाली की लोक कोरणाऱ्याचं नाव विचारतात, लिहून देणाऱ्याचं नाही. मागे एका पाटीवर 'श्री.' आणि 'कै.' यांची अदलाबदल झाली होती. कागदावर होतं तसंच कोरलं होतं, शिव्या मात्र मी खाल्ल्या.

तर जाणकारांनी सांगावं: 'दायसेल्व्ह्ज' असा शब्द आहे का? आणि ती मधली जागा ठेवू का?

शाईची दौत:
'दायसेल्व्ह्ज' अजिबात कोरू नका. 'दाय' हा 'दाऊ'चा, आणि 'दाऊ' म्हणजे आपला 'तू'. एकालाच म्हणायचं. अनेकांना पूर्वी 'यी' आणि 'यू' होतं, म्हणून अनेकांचं 'युअरसेल्व्ह्ज'. 'दायसेल्व्ह्ज' म्हणजे 'तू स्वतःला ओळखा' म्हटल्यासारखं झालं, अर्धा तू आणि अर्धे तुम्ही. हल्ली जुन्या थाटाचं इंग्रजी लिहायच्या हौसेपायी लोक असले शब्द बनवतात, तिकडे बघू नका.

बाकी 'तू-तुम्ही'चा खेळ त्यांच्याकडेही आपल्यासारखाच होता. तेराव्या शतकापासून पुढे फ्रेंचांचं बघून मोठ्या माणसाला एकटा असला तरी 'यू' म्हणायला लागले. मग ज्याला त्याला 'यू', आणि सतराव्या शतकात 'दाऊ' लंडनच्या रोजच्या बोलण्यातून जवळजवळ उठलाच. म्हणून आज एकालाही 'यू', दहांनाही 'यू'. फरक शिल्लक राहिला तो फक्त 'युअरसेल्फ' आणि 'युअरसेल्व्ह्ज' यांत. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाची शंका अगदीच वेडगळ नाही, चुकीच्या शब्दाला चिकटली एवढंच.

जुनी वही:
फोटोबद्दल. तो 1611 च्या किंग जेम्स बायबलच्या छापील प्रतीचा असणार. त्यात खरंच दोन शब्द आहेत आणि जादा ई पण. मुळात 'दी सेल्फ' असं म्हणत, म्हणजे 'तुला' आणि मागे 'सेल्फ'. पुढे लोकांना 'सेल्फ' हे नामच वाटू लागलं, मग त्याच्यामागे षष्ठी आली: 'दाय सेल्फ', तुझं स्व. ती जागा त्या काळची खूण आहे. 'हिमसेल्फ'मध्ये मात्र जुनी 'हिम' तशीच राहिली, म्हणून व्याकरण शिकवताना मास्तरांची पंचाईत होते.

पण आज कोरायचं तर एकच शब्द. जागा ठेवलीत तर दर दुसरा माणूस म्हणेल, कारागिरानं चूक केली. तुमचं 'कै.' पुन्हा व्हायचं.

एकवचन-अनेकवचनाचा पुरावा हवा असेल तर त्याच बायबलमध्ये मत्तयाचं शुभवर्तमान उघडायला सांगा. 6:19 मध्ये 'पृथ्वीवर संपत्ती साठवू नका' हे जमावाला सांगितलंय, तिथे 'युअरसेल्व्ह्ज'. 22:39 मध्ये 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर', तिथे 'दायसेल्फ'. ऐकणारे तिथेही पुष्कळ होते, पण आज्ञा एकेकाला आहे.

खडूस काका:
उद्घाटनाला जे कोणी प्रमुख पाहुणे येणार असतील त्यांना आधी सांगून ठेवा की उच्चार 'दाय' आहे. 'थाय' म्हणाले तर मांडी होते. दीडशे पोरांसमोर 'मांडी ओळख' ऐकायची हौस असेल तर राहू द्या.

शाईची दौत:
काका 😄
अजून एक राहिलं. हे वाक्य मूळ इंग्रजी नाहीच. ग्रीसमध्ये डेल्फीला अपोलोच्या देवळात कोरलेलं होतं, 'ग्नोथी सेआउतॉन'. तिथेही एकवचनच. देवळात यात्रा भरायची, पण दगड बोलायचा आत येणाऱ्या एकेकाशी. तुमच्या माजी विद्यार्थ्यांना हे सांगा, वाद मिटेल. दगडावरच्या अक्षरांना दगडावरचाच दाखला!

वाटसरू:
इतकं सरळ नाही हं. आपल्याकडे 'अत्त दीप भव' (स्वतःच स्वतःचा दिवा हो) घरोघरी, विहारांवर, कमानींवर लिहिलेलं असतं, तेही एकवचनी. पण महापरिनिब्बान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या अखेरच्या दिवसांबद्दलच्या पाली ग्रंथात, बुद्धांचे शब्द 'अत्तदीपा विहरथ' असे आहेत. 'विहरथ' अनेकवचन, 'तुम्ही राहा'. बोलणं आनंद या एका शिष्याशी असूनही. म्हणजे तिथे मूळ वचन अनेकांना आणि पाटीवर आलं ते एकाला. पाटीलाच एकवचन आवडतं असं दिसतंय.

लीड्सकर:
इथे इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये म्हाताऱ्या मंडळींच्या तोंडी 'दायसेल्फ'चा भाऊ अजून जिवंत आहे, 'दिसेन'. इथली एक म्हणच आहे: सगळं ऐक, सगळं बघ, बोलू काही नको; फुकटात काही केलंसच तर ते 'दिसेन'साठी कर. कोरणावळ सोडू नका 🙂

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. मत्तयाचे दोन्ही दाखले आणि डेल्फीचं देऊळ ग्रुपवर पाठवलं. 'दायसेल्व्ह्ज'वाले गप्प झाले. फोटोवाल्यांनी 'मग जागा तरी ठेवा' म्हणून पाहिलं, त्यांना 'श्री.-कै.'ची गोष्ट सांगितली. आता 11 अक्षरं, 'दायसेल्फ' एकच शब्द, नक्की.

पण नवीन भानगड. आता त्यांना खाली मराठी ओळ पण हवी. मी 'स्वतःला ओळख' लिहून दिलं, तर त्यांचे जुने सर म्हणाले, पोरांना असं अरे-तुरे बरं दिसत नाही, 'ओळखा' करा. म्हणजे वर 'तू' आणि खाली 'तुम्ही'. सरांना फोन करून म्हटलं, "सर, वर्गात तुम्ही आम्हाला काय म्हणायचा?" सर हसले आणि म्हणाले, "गाढवा, म्हणायचो." 'ओळख' ठरलं.

एक शेवटचं, जमलं तर आजच सांगा: 'स्वतःला'मधला विसर्ग. माझ्या मशीनच्या फॉन्टमध्ये तो चौकोनी टिंबांचा, अपूर्णविरामासारखा दिसतोय. हातानं गोल कोरला तर चालेल ना? दगड शुक्रवारी घेतोय.

जुनी वही:
गोलच कोरा. आणि दोन्ही टिंबं 'त'ला चिकटून, जागा न सोडता.