औषध नकली नव्हतं, बुरशी बदलली होती

मालवी_माती (धागाकर्ता)
परवा इथे एकाने लिहिलं की बटाट्यावरचा करपा थांबलाच नाही, म्हणजे दुकानदाराने नकली बुरशीनाशक गळ्यात मारलं. इंदूरच्या चोइथराम मंडीतही हेच ऐकू येतं. नकली माल असतो, नाही कोण म्हणतो? पण एकाच गटाचं, म्हणजे बुरशीवर एकाच तऱ्हेने काम करणारं औषध हंगामभर मारत राहिलात तर अस्सल औषधही पाण्यासारखं होतं.

शेतात बुरशीचे कोट्यवधी बीजाणू असतात. त्यातल्या एखाद्याच्या जनुकात, औषधाचा थेंबही न लागता, आधीच एखादा बदल झालेला असतो. ॲझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक बुरशीच्या सायटोक्रोम बी या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि तिची ऊर्जा तोडतं. त्या प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲलनीन आलं की औषधाला तिथे बसायला जागाच उरत नाही. हा बदल फवारणी घडवत नाही. ती बाकीच्यांना मारते आणि या एकाला रान मोकळं करून देते. या गटाची औषधं १९९६ साली युरोपात आली आणि १९९८ मध्ये जर्मनीत गव्हाची भुरी त्यांना जुमानेनाशी झाली. तिथे काय आपला दुकानदार गेला होता?

देपालपूरकर
गव्हाची भुरी बटाट्याला कशाला चिकटवता? लवकर येणारा करपा अल्टरनेरिया सोलानी या बुरशीमुळे होतो. तिच्या जनुकात त्या १४३ ला लागूनच एक इंट्रॉन, म्हणजे प्रथिन बनण्याआधी कापून टाकायचा तुकडा आहे. तिथे बदल झाला तर तो तुकडा नीट कापला जात नाही, म्हणजे बुरशीचंच मरण. म्हणून तिच्यात बदल येतो तो १२९ व्या जागी, आणि त्याने औषध कमजोर पडतं, पार निकामी होत नाही. तेव्हा करपा अजिबात हलला नसेल तर आधी पंप तपासा. माझ्या शेजाऱ्याचा नोझल इतका झिजलाय की फवारा नाही, धार पडते. वरची पानं चिंब, खालची कोरडी. आणि गोल गोल कड्यांचे डाग सुरू होतात खालच्या जुन्या पानांवरूनच. प्रयोगशाळेत चाचणी न करता ‘रेझिस्टन्स, रेझिस्टन्स’ (बुरशी औषधाला सरावली) असं ओरडणं म्हणजे नकली मालाची ओरड नव्या नावाने.

मालवी_माती
चाचणीचं मान्य. पण दादा, कमजोर पडलेल्या औषधाचं आपण काय करतो? दोन दिवसांनी तेच परत मारतो. अर्धवट टिकलेल्या बुरशीला याहून चांगली निवड कोण करून देणार?

उधारीचं_खातं
दुकानात बसतो म्हणून सांगतो. गिऱ्हाईक रिकामं पाकीट घेऊन येतं, “हेच द्या, गेल्या साली चाललं होतं.” दुसरं काढलं की म्हणतात, जास्त कमिशन असेल. बरं, नाव बदलून नेलं तरी कित्येकदा गट तोच. तीन कंपन्यांची तीन नावं, आत तिन्हींत ११ नंबरचाच गट, ॲझॉक्सिस्ट्रोबिनवाला. फेरपालट कागदावर झाली, शेतात नाही. म्हणून मी तयार मिश्रणं देतो. एका पाकिटात दोन औषधं, भानगड नको.

सांवेर_रोड
खातेवाले काका, भानगड तिथेच आहे. मेटॅलॅक्झिल हे बुरशीनाशक १९७७ साली आलं, १९८० मध्ये आयर्लंड आणि नेदरलँड्सच्या बटाट्यात उशिरा येणाऱ्या करप्याने त्याला दाद दिली नाही. (शास्त्राच्या हिशोबात तो करपा खरी बुरशीही नाही, पण फवारणाऱ्याला काय फरक पडतो?) नंतर ते मॅन्कोझेब या दुसऱ्या बुरशीनाशकाच्या जोडीने परत आलं. आपल्याकडच्या पाकिटावर वाचा: मेटॅलॅक्झिल ८ टक्के, मॅन्कोझेब ६४ टक्के. मॅन्कोझेब १९६० च्या दशकापासून टिकून आहे, कारण ते बुरशीवर एकाच वेळी अनेक जागी घाव घालतं. एका बदलाने त्यातून सुटका नाही. पण बुरशी ८ टक्केवाल्याला आधीच सरावली असेल तर राबतं एकटं मॅन्कोझेब आणि पैसे तुम्ही दोघांचे मोजता. मिश्रण सुरुवातीपासून वापरलं तर विमा, रेझिस्टन्स पसरल्यावर वापरलं तर नुसतं ओझं.

सेंद्रिय_सुदामानगर
ज्या इंदूरमध्ये इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डने १९२४ पासून काम करून कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली, तिथली माणसं नंबर पाठ करत बसलीत! जमीन सुधारा, रोग आपोआप कमी होतील.

देपालपूरकर
माझ्याकडेही कंपोस्ट आहे साहेब. करप्याचे बीजाणू वाऱ्याने येतात, ते शेणखत विचारून उतरत नाहीत.

सेंद्रिय_सुदामानगर
बोर्डो मिश्रण घ्या मग. मोरचूद आणि चुना. १८८५ पासून चालतंय.

सांवेर_रोड
चालतंय, ते अनेक जागी घाव घालतं म्हणूनच. पण ते पानावरच राहतं. बुरशी पानात शिरली की उपयोग नाही, शिवाय वर्षानुवर्षं तांबं मातीत साठतं ते वेगळंच.

महूची_सून
माझा प्रश्न वेगळा आहे. मी प्रामाणिकपणे गट बदलले, पहिल्या दोन फवारण्या नुसत्या मॅन्कोझेबच्या केल्या, जुनी रोगट पानं उचलून बाहेर टाकली. बांधापलीकडचे काका मात्र ११ नंबरच मारताहेत. त्यांच्या शेतात तयार झालेली बुरशी माझ्याकडे येणार, मग मी एकटीने महागाचा खर्च का करावा?

मालवी_माती
ताई, म्हणूनच गावाने मिळून ठरवायला हवं.

उधारीचं_खातं
गावाने ठरवलं तरी माल मी मागवतो, आणि अर्धं गाव माझ्याकडे उधारीवर आहे. दुकानात जे पडलंय तेच शेतात जाणार. ठरवायचंच असेल तर पेरणीआधी मला यादी द्या. करपा दिसल्यावर आलात तर जे शिल्लक असेल तेच मिळेल.