डोंगरातली तळी आणि एका दिवसाची सहल: ठरलं काय, झालं काय?

माळ्यावरची
काल माळा आवरताना बाबांची जुनी डायरी हाती लागली. आत चार घड्या घातलेला फुलस्केप कागद. 'भंडारदरा, रविवार. ४.४५ उठणे. ५.३० प्रस्थान. ८.१० घोटी, चहा (१५ मि.). ९.३० धरण.' आणि खाली लाल शाईत, दोन रेघा मारून: 'वाटेत कोणीही भूक लागली म्हणू नये.'

ठाण्याहून निघालो सव्वासातला, कारण आत्याची शाल सापडेना. कसारा घाटात धाकटी तीनदा ओकली. घोटीच्या पुढे टेम्पोचं चाक बसलं. शेंडीत पोचलो तेव्हा साडेबारा वाजलेले आणि धुकं असं की समोरची बकरी दिसेना. बाबांनी माहिती पाठ केली होती, ती वाया कशी जाऊ देणार? धुक्याकडे हात करून सुरू: "हे विल्सन धरण. प्रवरा नदी. १९२६ साली पूर्ण." चहावाला म्हणाला, "साहेब, धरण तुमच्या पाठीमागं आहे."

चारच्या सुमाराला दहा मिनिटं धुकं उचललं. पाणी, पलीकडे रतनगड, सगळं एकदम. बाबा तेव्हा एक अक्षर बोलले नाहीत.

तुमच्याही अशा सहली असतील तर लिहा. कुठलंही तळं चालेल, धरणाचंही.

कुकर_लावलाय
बकरी!! हाहाहा. आमच्याकडे शालीच्या जागी आईचा चष्मा. दर वेळी डोक्यावरच असतो. नंतर सविस्तर लिहिते, तिसरी शिट्टी झाली

घाटवाट
पुणेकरांसाठी: आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ, राजूर. रंधा धबधबा राजूरच्याच रस्त्यावर आहे, तो येताना बघा. आधी सरळ रतनवाडी गाठा, अमृतेश्वराच्या देवळात सकाळी शांत असतं. आणि हात जोडून सांगतो, जुलै-ऑगस्टात रविवारी जाऊ नका. मागच्या वर्षी दोन तास गाडीत बसून पुढच्या गाडीचा नंबर पाठ केला. अजून आठवतोय.

दशमी
डब्यात काय होतं ते नाही लिहिलंत! पुरी-बटाट्याची भाजी न्यायची असेल तर दुपारपर्यंत संपवा, पावसाळी दमट हवेत भाजी आंबते. दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, बस. लोणच्याची बरणी नको. का ते आमच्या गाडीच्या सीटला विचारा.

कुकर_लावलाय
@दशमी दशम्यांत गूळ घालता का?

दशमी
प्रवासाला साध्या. गुळाच्या घरी, तुपाबरोबर.

लाचेनची_थंडी
आमचं तळं लांबचं. सिक्कीम, गुरुडोंगमार, उंची १७,८०० फूट. लाचेनला मुक्काम, पहाटे चारला गाडी. ड्रायव्हर म्हणाला दुपारी वारा सुटतो, त्याच्या आत परत. फोटो, ओळखपत्रांच्या झेरॉक्सा, परवाना, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. सासूबाईंनी रुमालात कापूर बांधून दिला होता, हुंगायला. ऑक्सिजन वाढतो का माहीत नाही, देवघरात बसल्यासारखं मात्र वाटत होतं. वेफर्सचं पाकीट उशीसारखं फुगलेलं.

मी सगळ्यांना बजावलं, हळू चाला, बोलू नका. आमचे हे फोटोसाठी वीस पावलं पळाले आणि मटकन दगडावर बसले. ओठ जांभळे. वीस मिनिटांत खाली आलो. तळं मी नीट पाहिलंच नाही, मी यांचे ओठ बघत होते. निळं होतं म्हणे.

घाटवाट
बाप रे. आता बरे आहेत ना?

लाचेनची_थंडी
ठणठणीत. तोच फोटो डीपीला लावलाय.

पाण्याखालचं
विषय थोडा वेगळा आहे, पण धरणाचंही चालेल म्हणालात म्हणून. मुळशीच्या पाण्याखाली आमच्या पणजीचं माहेर आहे. १९२१ ला सेनापती बापटांच्या बरोबर सत्याग्रहाला घरातली माणसं होती, असं आजी सांगायची. आम्ही ताम्हिणीला जाताना मुळशीला भजी खायला थांबायचो. आजी गाडीतून उतरायची नाही. दुसऱ्या बाजूची काच खाली करून डोंगराकडे बघत बसायची.

माळ्यावरची
वाचून थांबले दोन मिनिटं. लिहिलंत ते बरं केलंत.

सातारकर_बाय_लग्न
कास. पाहुण्यांच्या सोयीने गेलो नोव्हेंबरच्या शेवटी. पठार कोरडं ठक्क, कुमुदिनी तळ्यावर एक बगळा. मुलगा म्हणाला, "फुलं कुठायत?" त्याला कास तलावावर नेलं, साताऱ्याला इथून पाणी जातं वगैरे सांगितलं. तो म्हणाला, "मग घरी नळातच बघितलं असतं."

गुडघे
रतनवाडीला पायऱ्या किती? डॉक्टरांनी चढ बंद केलाय

घाटवाट
काका, गावापर्यंत गाडी जाते, देऊळ गावातच आहे. रतनगडाच्या भानगडीत पडू नका.

माळ्यावरची
आत्याला कागदाचा फोटो पाठवला. लगेच फोन. म्हणाली, "शाल हरवली नव्हती. दादानेच आदल्या रात्री पिशवीत तळाशी भरून ठेवली होती, आणि मी शोधत असताना सगळ्यांत जास्त तोच ओरडत होता." सत्तावीस वर्षं धरून ठेवलंय तिने.

कुकर_लावलाय
आले परत. भंडारदऱ्याचे काजवे एका दिवसात होतील का? जूनच्या सुरुवातीला म्हणते

घाटवाट
ताई, त्यांना रात्र लागते.