मिशेल पेत्रुचियानी कुठून ऐकायला घेऊ? (मदत हवी आहे)

जॅझवाल्यांनो, जरा वाट दाखवा. फ्रेंच पियानोवादक मिशेल पेत्रुचियानीचं (1962–1999) 'लुकिंग अप' कानावर पडलं आणि आता दुसरं काही लावावंसंच वाटत नाहीये. वेग कितीही वाढला तरी उजव्या हाताचा एकेक सूर सुटा, टणक, लख्ख! हाडं ठिसूळ असण्याचा जन्मजात आजार, उंची जेमतेम तीन फूट, हे सगळं वाचलं. पण कीव करत ऐकावं असलं हे वादन नव्हेच.

अडचण अशी की ध्वनिमुद्रणं ढीगभर आहेत. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीचे जुने अल्बम आधी घेऊ का? 1986 च्या माँत्रो महोत्सवातलं 'पॉवर ऑफ थ्री' खुणावतंय, पण जिम हॉलची गिटार आणि वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन असताना पियानोच्या वाट्याला कितीसं येतं? मला ओढ एकट्या पियानोची. मग 1997 ची फ्रँकफर्टची मैफल, 'सोलो लाइव्ह', की त्याच वर्षीचं टोकियोतलं त्रिकूट, ड्रम्सवर स्टीव्ह गॅड असलेलं?

सिंथेसायझर तूर्त नको. पियानोवादक बिल एव्हान्स थोडाफार ऐकलाय, त्या अंगाने जाणारं काही असेल तर नक्की सुचवा. ऐकणार हेडफोनवर, तेव्हा मुद्रण स्वच्छ असलेलं आधी सांगा.